एक पुस्तक आणि एक माग

उद्योगधंद्यांत यश मिळविलेल्या पुरुषांचीं चरित्रें आणि त्यांच्या यशाचें रहस्य सांगणारे ग्रंथ यांना वाचकांची कधींच वाण पडत नाहीं. अशा ग्रंथांविषयीं दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. कांहींच्या मतें असा ग्रंथ म्हणजे भाग्योदयाची किल्लीच होय. उलट कांहीं म्हणतात कीं, पोहण्यावरील पुस्तक वाचून जसें कोणास पोहतां येत नाहीं, तसा उद्योगावरील ग्रंथ वाचून कोणी उद्योगपति होत नाहीं. हा वाद नुसत्या तर्कानें मिटणें कठीण आहे. परंतु इतिहासांत असें एक उदाहरण नमूद आहे कीं, त्यांत इंग्लंडमधील एक ग्रंथ जपानांत गेला, तेथील एका सुताराच्या मुलाच्या हातीं पडला, आणि सुमारें सहा दशकांनंतर एका यंत्राच्या रूपानें इंग्लंडला परत आला. तें उदाहरण नीट तपासून पाहिलें, तर अशा ग्रंथांपासून काय मिळतें आणि काय मिळत नाहीं, याचा बराच उलगडा होतो.

हा ग्रंथ म्हणजे सॅम्युएल स्माइल्स याचा 'सेल्फ-हेल्प'. नांवाचा अर्थ स्वावलंबन. स्माइल्स हा स्कॉटलंडमधील हॅडिंग्टन गांवीं १८१२ सालीं जन्मला. एडिंबरो येथें शिक्षण घेऊन त्यानें कांहीं काळ वैद्यकी केली. पुढें लीड्स शहरांत वर्तमानपत्राचें संपादकत्व आणि त्यानंतर रेल्वे कंपनीची चिटणिशी पत्करली. लीड्समध्यें कांहीं गरीब कामकरी तरुण रात्रीच्या वेळीं एकत्र जमून एकमेकांना वाचन, लेखन व गणित शिकवीत असत. त्यांच्या वर्गाची जागा म्हणजे पूर्वीं पटकीच्या रोग्यांसाठीं वापरलेली एक जुनाट खोली. १८४५ सालीं या मंडळींनीं स्माइल्सला चार शब्द सांगण्यास बोलाविलें, आणि त्या व्याख्यानांतून पुढें हा ग्रंथ तयार झाला. एका प्रकाशकानें हस्तलिखित परत केलें. अखेर १८५९ सालीं ग्रंथ बाहेर पडला, आणि पहिल्याच वर्षीं त्याच्या वीस हजार प्रती खपल्या. १९०४ सालीं स्माइल्स वारला, तोंपर्यंत हा आंकडा अडीच लाखांच्या घरांत गेला होता.

या ग्रंथांत उपदेश आहे. परंतु तो कोरडा नाहीं, चरित्रांच्या द्वारें केलेला आहे. न्हाव्याचा धंदा करणारा आर्कराइट सूत कातण्याच्या यंत्राकडे कसा वळला. मोजे विणण्याचें यंत्र शोधून काढणाऱ्या विल्यम ली या पाद्र्याला स्वदेशांत आश्रय न मिळाल्यामुळें फ्रान्समध्यें कसें जावें लागलें. जाळीचें वस्त्र विणणारें यंत्र तयार करणाऱ्या हीथकोटचा कारखाना दंगलखोरांनीं १८१६ सालीं फोडला, तेव्हां त्यानें दूरच्या गांवीं जाऊन पुन्हा कसा उभा केला. अशा हकीकती त्यांत आहेत. वॅट आणि वेजवुड हेहि तेथें भेटतात. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. यंत्रांच्या शोधकांवरील प्रकरणांत ज्यांच्या कथा येतात, त्यांपैकीं बहुतेक कातण्याविणण्याच्या धंद्यांतील आहेत. ज्या घरांत माग चालत असेल, त्या घरांतील मुलाला हा ग्रंथ परका वाटण्याचें कारण नव्हतें.

तो जपानांत गेला तो एका कन्फ्यूशियसपंथी पंडिताच्या हातून. नाकामुरा मासानाओ हा शोगुनच्या राजवटींतील मान्यवर विद्वान. १८६६ सालीं विद्यार्थ्यांच्या एका तुकडीवर देखरेख करण्यासाठीं त्याला लंडनला पाठविण्यांत आलें. दोन वर्षें होतात न होतात तोंच मायदेशीं शोगुनची सत्ता कोसळली आणि सर्वांना परत फिरावें लागलें. निघतांना एका इंग्रज स्नेह्यानें 'सेल्फ-हेल्प'ची प्रत त्याच्या हातीं दिली. परतीच्या दीर्घ जलप्रवासांत नाकामुरानें ती पुनःपुन्हा वाचली. पाश्चात्य राष्ट्रांचें बळ त्यांच्या तोफांत आणि जहाजांत आहे, असें त्या काळीं जपानांतील बहुतेक शहाणे समजत होते. नाकामुराला वाटलें कीं, तें बळ तेथील सामान्य माणसाच्या शीलांत आणि चिकाटींत आहे. तोफा हा त्याचा परिणाम होय. पदच्युत झालेलें तोकुगावा घराणें शिझुओका येथें जाऊन राहिलें होतें. नाकामुरा तेथें गेला आणि त्यानें तेथेंच ग्रंथाचें भाषांतर केलें. तें १८७० ते १८७१ या काळांत अकरा भागांत प्रसिद्ध झालें. पुढें तें शाळांतून वाचलें जाऊं लागलें, आणि त्याच्या प्रती लाखांनीं खपल्या.

याच शिझुओका प्रांतांत, हामाना सरोवराच्या पश्चिमेस असलेल्या यामागुची या खेड्यांत, १८६७ सालीं साकिची टोयोडा याचा जन्म झाला होता. त्याच वर्षीं जपानच्या दक्षिण टोंकास कागोशिमा येथें त्या देशांतील पहिली पाश्चात्य पद्धतीची सूतगिरणी सुरू झाली. तिचीं यंत्रें इंग्लंडांतील ओल्डहॅम येथील प्लॅट ब्रदर्स या कंपनीचीं होतीं. श्रोत्यांनीं हें नांव लक्षांत ठेवावें. कथेच्या उत्तरार्धांत तें पुन्हा येणार आहे.

साकिचीचा बाप सुतारकाम व शेती करी, आणि आई घरीं हातमागावर कापड विणी. मुलाचें शिक्षण प्राथमिक शाळेपुरतेंच झालें; पुढें तो बापाच्या हाताखालीं रंधा चालवूं लागला. त्याच्या पिढीच्या अनेक तरुणांप्रमाणें नाकामुराचें भाषांतर त्याच्याहि वाचनांत आलें. १८८५ सालीं जपान सरकारनें पेटंटचा कायदा केला. शोधकाला आपल्या शोधाचा मोबदला मिळण्याची सोय झाली. साकिची तेव्हां अठरा वर्षांचा होता. परक्या देशांतील शोधकांच्या ज्या हकीकती ग्रंथांत होत्या, त्यांना आतां स्वदेशांत वाव मिळाला होता. त्यानें आईचा माग न्याहाळण्यास प्रारंभ केला. माग करावा, मोडावा, पुन्हा करावा, असा क्रम सुरू झाला. सुताराचा मुलगा घरचा धंदा सोडून लांकडाचे तुकडे जोडीत बसतो, हें गांवाला वेडेपणाचें वाटलें, यांत नवल नाहीं. १८९० सालीं टोकिओच्या उएनो भागांत राष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरलें होतें. तेथें तो दिवसचे दिवस परदेशी यंत्रांपुढें उभा राहून त्यांची रचना मनांत सांठवीत असे.

त्याच वर्षीं त्याचा पहिला माग तयार झाला व १८९१ सालीं त्याला पेटंट मिळालें. जुन्या मागावर एका हातानें धोटा फेकायचा आणि दुसऱ्या हातानें फणी ओढून बाण्याचा धागा ठोकायचा, असें दोन्ही हातांचें काम असे. साकिचीच्या मागांत फणी एका हातानें मागेंपुढें केली कीं, धोटा आपोआप इकडून तिकडे जाई. कापडाची निपज त्यामुळें चाळीस ते पन्नास टक्क्यांनीं वाढली. परंतु शोध लागला म्हणजे धंदा चालतोच असें नाहीं. टोकिओंत त्यानें काढलेला विणकामाचा लहानसा कारखाना वर्षभरांतच बंद पडला. सूत गुंडाळण्याच्या एका यंत्राच्या विक्रीनें त्याला हात दिला, आणि १८९६ सालीं त्यानें वाफेच्या शक्तीवर चालणारा माग सिद्ध केला. परदेशी यंत्रमाग सबंध लोखंडी व महाग असत. यांत लांकूड व लोखंड यांचा मिलाफ असल्यामुळें लहान विणकराला तो परवडण्यासारखा होता.

येथपर्यंतची हकीकत स्माइल्सच्या ग्रंथांत एखाद्या प्रकरणासारखी शोभली असती. पुढची मात्र त्या सांच्यांत बसत नाहीं. भांडवलवाल्यांच्या पुढाकारानें १९०७ सालीं साकिचीच्या नांवाची दहा लक्ष येन भांडवलाची माग कंपनी निघाली. लवकरच मंदी आली. प्रयोगांवरील खर्च आणि धंद्यांतील नफा यांचा मेळ बसेना, आणि १९१० सालीं स्वतःच्याच नांवाच्या कंपनींतून साकिचीला राजीनामा देऊन बाहेर पडावें लागलें. त्याचे पेटंटचे हक्क मागें राहिले. चिकाटी, काटकसर, सचोटी हे सर्व गुण त्याच्या ठायीं होते; परंतु भागीदारांची सभा, कर्जाचा तगादा आणि संचालकांचें बहुमत यांपुढें ते एकट्यानें कसे टिकावे, याचें उत्तर 'सेल्फ-हेल्प'मध्यें नव्हतें. स्माइल्सचा नायक एकटा माणूस आहे. संयुक्त भांडवलाची कंपनी हा त्याचा विषय नव्हे.

खिन्न मनानें साकिची अमेरिकेस गेला. तेथील गिरण्यांत ड्रेपर कंपनीचे नॉर्थ्रप नांवाचे स्वयंचलित माग त्यानें पाहिले. न्यूयॉर्कमध्यें ताकामिने या प्रख्यात जपानी रसायनशास्त्रज्ञाची भेट होऊन त्याला पुन्हा धीर आला. इंग्लंड व युरोप पाहून १९११ सालीं तो परतला, तो एक निश्चय करूनच. यापुढें प्रयोगाचा खर्च दुसऱ्याच्या खिशावर अवलंबून ठेवायचा नाहीं. त्यानें नागोया येथें स्वतःची गिरणी काढली. कापडाच्या नफ्यांतून प्रयोग चालत, आणि तयार झालेला माग त्याच गिरणींत रोजच्या विणकामाला जुंपून त्याची परीक्षा होई. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत कापडाला व सुताला मागणी वाढली आणि गिरणीचा जम बसला. पुस्तकानें न शिकविलेला धडा त्याला १९१० च्या ठोकरेनें शिकविला होता.

साकिचीचा मुलगा किइचिरो टोकिओच्या विद्यापीठांत यंत्रशास्त्र शिकून १९२१ सालीं बापाच्या कामांत आला. पुढच्या वर्षीं तो ओल्डहॅमला गेला आणि प्लॅट ब्रदर्सच्या कारखान्यांत कांहीं दिवस राहून यंत्रें कशीं बनतात हें त्यानें जवळून पाहिलें. बापाची हातोटी आणि मुलाची विद्या यांच्या संयोगांतून, इतर कारागिरांच्या साहाय्यानें, १९२४ सालीं 'जी' नमुन्याचा स्वयंचलित माग पूर्ण झाला. धोट्यांतील सूत संपत आलें कीं, हा माग न थांबतां, पूर्ण वेगांत असतांनाच, रिकामा धोटा बाहेर टाकून भरलेला धोटा आंत घेई. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची पातळ पट्टी लोंबत असे. धागा तुटला कीं पट्टी खालीं पडे आणि माग आपोआप थांबे. त्यामुळें सदोष कापड विणलें जात नसे, आणि प्रत्येक मागावर पहारा देत उभें राहण्याची गरज उरली नाहीं. एका माणसाला पंचवीसतीस माग संभाळतां येऊं लागले. १९२९ सालीं जपानी गिरण्यांत स्त्रियांच्या रात्रपाळीला बंदी आली, आणि थोड्या माणसांत काम करणाऱ्या या मागाचें महत्त्व अधिकच वाढलें.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत एक करार झाला. जपान, चीन व अमेरिका हे देश वगळून अन्यत्र हा माग बनविण्याचा व विकण्याचा हक्क एका इंग्रज कंपनीनें एक लाख पौंडांस घेतला. ती कंपनी ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स. साकिचीच्या जन्मवर्षीं जिनें जपानला पहिली सूतगिरणी पुरविली, जगांतील सूतयंत्रांच्या बाजारांत जिच्या तोडीची कंपनी नव्हती, तिनें एका सुताराच्या मुलाच्या मागाचे हक्क विकत घेतले. पुढें रकमेविषयीं तंटा होऊन ती कमी करण्यांत आली. परंतु घटनेचा अर्थ त्यामुळें बदलत नाहीं. करारानंतर वर्ष पुरें होण्यापूर्वींच, ऑक्टोबर १९३० मध्यें, साकिची वारला.

आतां खरा प्रश्न असा कीं, ग्रंथ ज्या देशांत लिहिला गेला आणि ज्या धंद्याच्या थोर पुरुषांवर लिहिला गेला, त्या देशांतील त्या धंद्यालाच त्याचा उपयोग कां झाला नाहीं? लँकेशायरचे गिरणीवाले आळशी होते, असें म्हणणें सोपें आहे, पण तें खरें नाहीं. १९१३ सालीं त्यांचें सुमारें सातशें कोटि यार्ड कापड परदेशीं गेलें, आणि त्यांतील चाळीस टक्क्यांहून अधिक एकट्या हिंदुस्थानांत आलें. बाण्याचा धागा तुटतांच थांबणारा माग त्यांच्याच प्रांतांत, ब्लॅकबर्न येथें, १८४२ सालीं तयार झाला होता. अमेरिकेंतील स्वयंचलित मागाचा जनक नॉर्थ्रप हाहि जन्मानें इंग्लंडांतील कीथली गांवचा. म्हणजे बुद्धीची वाण नव्हती. परंतु जुने माग चांगले चालत होते व त्यांची किंमत केव्हांच वसूल झाली होती. विणकर कुशल होते. कातणाऱ्या आणि विणणाऱ्या गिरण्या निरनिराळ्या मालकांच्या होत्या, त्यामुळें एकानें नवें यंत्र घेतलें तरी दुसऱ्याची घडी बदलत नसे. प्रत्येक मालकानें आपापल्या वहींत मांडलेला हिशेब बरोबर होता. सबंध प्रांताचा हिशेब मात्र चुकत गेला, आणि तो मांडण्याचें काम कोणाचेंच नव्हतें. १९३१ सालीं एका विणकराकडे चारांऐवजीं आठ माग देण्याचा प्रश्न निघाला, तेव्हां टाळेबंदी झाली. बाजार आधींच बसला होता. अधिक माग म्हणजे शेजाऱ्याची बेकारी, असें विणकराला दिसत होतें, आणि त्याचें तें भय खोटें नव्हतें. जी सुधारणा भरभराटीच्या दिवसांत सर्वांच्या पदरीं कांहीं टाकूं शकली असती, ती पडत्या काळांत भाकरीवरचें संकट होऊन आली.

हीथकोट आणि आर्कराइट यांचीं चरित्रें लँकेशायरच्या घरांतून अवश्य वाचलीं गेलीं असतील. पण तेथें तीं पूर्वजांचीं चरित्रें होतीं. यामागुचीच्या पडवींत तीं उद्यांचीं कामें होतीं. जो धंदा शिखरावर आहे, त्याला अशा ग्रंथांत आपली स्तुति दिसते. जो पायथ्याशीं उभा आहे, त्याला वाट दिसते. पुस्तक तेंच, अक्षरें तींच. फरक वाचणाराच्या गरजेचा.

साकिचीच्या मागाच्या हक्काच्या पैशांतूनच मोटारींचा कारखाना उभा राहिला, अशी कथा पुष्कळदां सांगितली जाते. जमाखर्च तपासणाऱ्या इतिहासकारांनीं ती इतकी सरळ नसल्याचें दाखविलें आहे. माग कंपनींत मोटारींचें खातें १९३३ सालीं निघालें आणि १९३७ सालीं टोयोटा मोटर कंपनी स्वतंत्र झाली. तिचाहि मार्ग सुकर नव्हता. १९५० सालीं कर्जबाजारी झालेल्या कंपनीला वांचविण्यासाठीं सुमारें दोन हजार कामगारांना घरीं जावें लागलें, मोठा संप झाला, आणि किइचिरोनें जबाबदारी घेऊन अध्यक्षपद सोडलें. बापावर १९१० सालीं जो प्रसंग गुदरला, तोच चाळीस वर्षांनीं मुलावर आला. दोन वर्षांनंतर तो वारला. यशाचा इतिहास लिहितांना हीं पानें गाळण्याचा मोह होतो. पण त्या दोन हजार घरांचा वाटा वगळला, तर तो इतिहास अपुरा राहतो.

मागाचें तत्त्व मोटारींच्या कारखान्यांत नेलें तें ताइइची ओनो यानें. हा १९३२ सालीं टोयोडांच्या सूतगिरणींत नोकरीस लागला आणि १९४३ सालीं मोटर कंपनींत आला. धागा तुटतांच माग थांबतो, तसा दोष दिसतांच कारखान्यांतील यंत्रानें, इतकेंच नव्हे तर साध्या कामगारानेंहि, काम थांबवावें व दोषाचें मूळ शोधावें, हें त्यानें आपल्या पद्धतीच्या दोन आधारस्तंभांपैकीं एक मानलें. दुसरा, लागेल तो माल लागेल तेव्हांच आणि लागेल तितकाच, हा किइचिरोचा विचार. १९७८ सालीं ओनोनें या पद्धतीवर ग्रंथ लिहिला. १९९० सालीं अमेरिकेंत तीन संशोधकांनीं जगांतील मोटार कारखान्यांची तुलना करून ही पद्धत पाश्चात्य वाचकांपुढें ठेवली, आणि २००४ सालीं जेफ्री लायकर या प्राध्यापकाचा 'द टोयोटा वे' हा ग्रंथ आला. चक्र पूर्ण फिरलें. स्माइल्सच्या भाषेंतच आतां साकिचीच्या वंशजांचे धडे छापले जाऊं लागले. त्याच्या जन्मग्रामीं उभारलेल्या स्मारकांत 'सेल्फ-हेल्प'ची एक प्रत कांचेच्या पेटींत ठेवलेली आहे.

महाराष्ट्रीय वाचकाला या कथेशीं नातें सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे साकिचीहून दोनच वर्षांनीं लहान. जन्म १८६९ चा. बेळगांवांत सायकलींचें दुकान, मग कडबा कापण्याचें यंत्र, मग लोखंडी नांगर, असा त्यांचा प्रवास. लोखंडानें जमीन नासते, या समजुतीपायीं पहिल्या नांगरांना कित्येक दिवस गिऱ्हाईक मिळालें नाहीं. १९१० सालीं, साकिची आपल्या कंपनींतून बाहेर पडला त्याच वर्षीं, बेळगांवची जागा सोडावी लागल्यामुळें त्यांनीं औंधच्या अधिपतींच्या आश्रयानें ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली. या दोन घराण्यांचे उद्योग १९९७ सालीं प्रत्यक्ष एकत्र आले, आणि बंगळूरजवळ बिडदी येथें टोयोटा किर्लोस्कर ही मोटार कंपनी स्थापन झाली.

तेव्हां उद्योगावरील ग्रंथांची योग्यता काय ठरते? ते वाचणाराला धीर देतात, दृष्टि देतात, आणि आपल्यासारख्याच एखाद्या माणसानें हें केलें आहे, अशी साक्ष देतात. ही देणगी लहान नव्हे. यामागुचीच्या तरुणाला तिचाच आधार होता. परंतु भागीदार कसे निवडावे, मंदी कशी ओलांडावी, नव्या यंत्रानें ज्याची भाकरी जाते त्याची तजवीज काय करावी, हे प्रश्न प्रत्येक पिढीला आपल्या अनुभवावर सोडवावे लागतात. आज टोयोटाच्या पद्धतीवरील ग्रंथ मोठ्या कंपन्यांच्या कपाटांतून मांडलेले असतात. ते लँकेशायरसारखे वाचले जातात कीं यामागुचीसारखे, हें कपाटाकडे पाहून कळत नाहीं. त्या कंपनीच्या कारखान्यांत जाऊन, चूक दिसल्यावर काम थांबविण्याची मुभा शेवटच्या कामगाराला आहे कीं नाहीं, हें पाहिलें म्हणजे कळतें.